कमी पैशांत रोजचं घरचं जेवण : नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्यांसाठी

जेवणावरचा खर्च मोजूनमापून करावा लागतोय आणि स्वयंपाकाला हात अजून बसलेला नाही, अशी तुमची स्थिती असेल तर हे सगळं तुमच्यासाठी लिहितो आहे. मी बरीच वर्षं असंच हिशेबात जेवलो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: बजेट मोडतं ते बहुतेक वेळा थकून घरी आल्यावर. धान्य असतं, भाजी असते, पण शिजलेलं काहीच नसतं आणि भूक तर लागलेली असते. मग बाहेरून काहीतरी येतं, आणि घरातली भाजी दोन दिवसांनी टाकावी लागते. एका जेवणाचे पैसे दोनदा जातात. त्यामुळे महागडं काय आणि स्वस्त काय याच्या याद्या पाठ करण्यापेक्षा, घरात कायम अर्धं शिजलेलं काहीतरी असेल अशी घडी बसवणं जास्त उपयोगाचं. खालच्या पायऱ्या त्या घडीच्या आहेत.

## सुरुवातीला काय काय लागेल

- झाकण असलेलं जाड बुडाचं पातेलं, साधारण ३ लिटरचं
- एक पसरट तवा किंवा कढई
- धार असलेली एक सुरी आणि भाजी चिरायला पाट
- चाळणी
- एक ठरलेली वाटी किंवा कप (माप म्हणून कायम तोच वापरायचा)
- घट्ट झाकणाचे ३-४ डबे
- वही आणि पेन

एवढ्यावर आयुष्यभर जेवता येतं. पुढे थोडे पैसे हाताशी आले की पहिली खरेदी प्रेशर कुकरची करा. आतल्या दाबामुळे पाणी १०० अंशांऐवजी ११५ ते १२० अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे एरवी तास-दीड तास खाणारं कडधान्य अर्ध्या तासाच्या आत होतं. इंधनाची ही बचत कुकरची किंमत भरून काढते. दुसरी खरेदी वजनकाट्याची. बाकी भांड्यांचे सेट आणि एकाच कामाची यंत्रं सध्या राहू द्या.

## १. पहिला आठवडा फक्त लिहा

काहीही बदलू नका. वहीत तीन रकाने करा: काय विकत घेतलं, काय खाल्लं, काय टाकलं. चहा, बिस्किटं, रस्त्यात घेतलेलं पाणीसुद्धा लिहा. आठवड्याच्या शेवटी तिसऱ्या रकान्याकडे नीट बघा, कारण सर्वात सोपी बचत तिथे असते. टाकलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव लिहिलेलं असेल तर पुढच्या खेपेला ती अर्धीच घ्यायची हे आपोआप सुचतं.

मग रक्कम ठरवा, आणि ती आठवड्याची ठरवा. महिन्याची रक्कम एकदम हातात असली की पहिले दहा दिवस सैल जातात. इथे एक चूक फार जण करतात: महिन्याच्या रकमेला ४ ने भागतात. ४ आठवडे म्हणजे २८ दिवस. उरलेल्या दोन-तीन दिवसांसाठी काहीच ठेवलेलं नसतं आणि नेमकं तेव्हा उसनं घ्यावं लागतं. रकमेला दिवसांनी भागा आणि ७ ने गुणा. ती तुमची आठवड्याची खरी रक्कम.

## २. यादी घरातल्या डब्यांपासून सुरू करा

'या आठवड्यात काय खावंसं वाटतं' असा विचार करून यादी केली की ती वाढतच जाते. आधी डबे, टोपली, फ्रिज उघडून बघा. अर्धा कोबी आहे, मूठभर डाळ आहे, चार बटाटे आहेत. त्यातून होणारी दोन-तीन जेवणं आधी लिहा आणि त्यांना जे कमी पडतं तेवढंच यादीत घ्या. यादीतला पहिला प्रश्न 'काय संपवायचं आहे' हा असावा.

एका प्रौढ माणसाला आठवड्याला किती लागतं याचा अंदाज नसेल तर हा आराखडा घ्या:

- धान्य (तांदूळ, पीठ, ओट्स, पास्ता, जे स्वस्त मिळेल ते): २ किलो
- डाळी आणि कडधान्यं: ७०० ग्रॅम
- भाज्या आणि फळं: पावणेतीन ते तीन किलो
- बटाटे: १ किलो
- तेल: १७५ मिलिलिटर
- शेंगदाणे: २०० ग्रॅम
- अंडी: ७ (खात नसाल तर त्याऐवजी आणखी डाळ किंवा दूध)

याची बेरीज दिवसाला साधारण २००० किलोकॅलरींपर्यंत जाते. अंगमेहनतीचं काम असेल तर धान्य आणि शेंगदाणे वाढवा. भाज्या-फळांचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या दिवसाला किमान ४०० ग्रॅम या शिफारशीवरून घेतलं आहे. बटाटे त्यात धरत नाहीत, म्हणून ते वेगळे लिहिले.

या आराखड्यात धान्य तुम्हाला जास्त वाटेल. ते मुद्दाम तेवढं ठेवलंय. काटकसर म्हणून ताटात कमी वाढून घेणारा माणूस चार वाजता भुकेला होतो आणि पाकिटबंद काहीतरी विकत घेतो. पोट भरणं हा बजेटचाच भाग आहे. तेलही पूर्ण तोडू नका: एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी देणारं ते सर्वात दाट इंधन आहे, आणि त्याशिवाय चवही लागत नाही.

## ३. दुकानात भाव वजनावर बघा

पाकिटावरची किंमत काहीच सांगत नाही. किंमत भागिले वजन, मग गुणिले १००: हा १०० ग्रॅमचा भाव. फोनवर दहा सेकंदांचं काम आहे. दोन वस्तूंची तुलना करताना कायम हाच आकडा बघा. मोठं पाकीट प्रत्येक वेळी स्वस्त असतं असं नाही, हे पहिल्याच फेरीत दिसेल.

कोरड्या आणि शिजवलेल्या वस्तूची तुलना करताना आणखी एक पायरी लागते. कोरडं कडधान्य शिजल्यावर वजनाने साधारण अडीच पट होतं. तांदूळ पावणेतीन ते तीन पट. म्हणजे दुकानातलं डबाबंद शिजवलेलं कडधान्य कोरड्याइतक्याच भावाने दिसत असेल तरी ते प्रत्यक्षात अडीच पट महाग आहे. माणशी ६० ग्रॅम कोरडं कडधान्य धरलं तर एका किलोत १६ जेवणं होतात. हा आकडा डोक्यात ठेवला की दुकानातल्या बऱ्याच 'ऑफर' आपोआप फिक्या पडतात.

मोठ्या प्रमाणात घ्यायचंच तर तांदूळ, डाळ, मीठ यांसारख्या टिकाऊ वस्तू घ्या, आणि त्यासुद्धा दोन महिन्यांत संपतील एवढ्याच. दळलेले मसाले लहान पाकिटातच बरे, त्यांचा वास उडतो. शेंगदाणे, तीळ, पूर्ण धान्याचं पीठ यांत तेल असतं, ते उघडं राहिलं की खवट होतं. चिरलेली, सोललेली, धुतलेली भाजी घेऊ नका. सुरी चालवण्याचे पैसे तुम्हीच दुसऱ्याला देता. गोठवलेले मटार किंवा पालक मात्र खुशाल घ्या, पोषणात ते ताज्याच्या जवळपास असतात आणि त्यातलं काही वाया जात नाही.

तारखांचं एवढं लक्षात ठेवा: 'यूज बाय' ही सुरक्षिततेची मुदत आहे, ती पाळायची. 'बेस्ट बिफोर' ही दर्जाची मुदत आहे. ती उलटली तरी कोरडी, नीट ठेवलेली डाळ खाता येते, फक्त शिजायला वेळ घेते. मुदत जवळ आल्यामुळे स्वस्त झालेल्या वस्तू घ्यायला हरकत नाही, पण त्या दिवशीच शिजवणार असाल तरच.

आणि जेवून जा. भुकेल्या पोटी केलेली खरेदी यादी पाळत नाही.

## ४. कडधान्य शिजवायला शिका (बाकी सगळं नंतर)

एकच गोष्ट शिकायला वेळ असेल तर ही शिका. वाळवलेल्या डाळी-कडधान्यांत १०० ग्रॅमला २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात, फ्रिज लागत नाही, आणि धान्यासोबत खाल्ली की दोघांतली उणीव भरून निघते. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनं ज्यांची बनतात त्यांतला एक घटक) कमी असतं, ते कडधान्यात भरपूर. कडधान्यात मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते धान्यात असतं. दोन्ही एकाच घासात हवीत असंही नाही, दिवसभरात मिळून आली तरी पुरतं.

भिजवणं. सोललेल्या, फोडलेल्या डाळींना भिजवायची गरज नाही. लाल मसूर डाळ १५-२० मिनिटांत मऊ होते. अख्खी कडधान्यं ८ ते १२ तास भिजवा, भरपूर पाण्यात, कारण ती फुगून दुप्पट होतात. रात्री झोपताना भिजवणं हे या सगळ्या घडीतलं सर्वात स्वस्त काम आहे: अर्धं मिनिट जातं आणि उद्याचं जेवण निम्मं झालेलं असतं. भिजवायच्या पाण्यात लिटरमागे १५ ग्रॅम मीठ घातलं तर साल मऊ होते. मिठाने कडधान्य शिजत नाही ही समजूत सोडून द्या.

आंबट नंतर. कडधान्य खरोखर अडवतो तो आंबटपणा. टोमॅटो, चिंच, लिंबू, व्हिनेगर हे दाणा बोटांनी चिरडता येऊ लागल्यावरच घाला. आधी घातलंत तर तासन्‌तास गॅस जळेल आणि दाणा कडकच राहील. पाणी फार जड (जास्त क्षारांचं) असेल तरीही असंच होतं. तेव्हा चिमूटभर खाण्याचा सोडा मदत करतो. चिमूटभरच, जास्त झाला तर साबणासारखी चव येते. हे सगळं करूनही शिजत नसेल तर माल जुना आहे, दुकान बदला.

राजम्याबद्दल गांभीर्याने वाचा. लाल राजम्यात एक नैसर्गिक विषारी प्रथिन असतं. अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेसुद्धा उलट्या-जुलाबांना पुरतात. किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात ३० मिनिटं खळखळ उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. मंद तापमानावर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट घालू नका, त्यात तो पुरेसा तापत नाही. प्रेशर कुकरमध्ये ही अडचण येत नाही, फक्त कडधान्य आणि पाणी मिळून कुकर निम्म्याच्या वर भरू नका. फेसाने शिट्टीची वाट बुजते.

शिजवताना एका वेळी तीन-चार जेवणांचं शिजवा. जळणारा गॅस जवळपास तेवढाच लागतो.

## ५. धान्य : मापात पाणी, झाकण बंद

पांढरा तांदूळ १ वाटी, पाणी २ वाट्या, मीठ. उकळी आली की आच अगदी बारीक, झाकण लावून १२ ते १५ मिनिटं. गॅस बंद केल्यावर १० मिनिटं झाकण काढायचं नाही. तुमचा तांदूळ कोरडा राहिला तर पुढच्या वेळी पाव वाटी पाणी वाढवा आणि ते माप वहीत लिहून ठेवा. दोन-तीन वेळांत तुमचं माप ठरतं आणि मग कधीच बिघडत नाही.

पाणी एकदा उकळलं की आच मोठी ठेवून काही मिळत नाही. उघड्या भांड्यात उकळत्या पाण्याचं तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही, जास्तीच्या आचेने फक्त वाफ वाढते. झाकण लावा, आच कमी करा. महिन्याच्या इंधनावर हे स्पष्ट दिसतं. पास्ता किंवा बटाट्याचं उकळलेलं पाणी टाकू नका, रस्सा दाट करायला ते उत्तम.

## ६. चवीसाठी वेळ द्या

स्वस्त जेवण लोक सोडून देतात ते बेचव लागतं म्हणून. पौष्टिक आहे हे माहीत असूनही रोज रोज नको वाटतं, आणि तसं वाटणं अगदी साहजिक आहे. म्हणून या भागाला मी बचतीइतकंच महत्त्व देतो. चवीला लागणाऱ्या गोष्टी महाग नाहीत. त्यांना क्रम लागतो.

आधी तेल तापवा. त्यात मसाले आधी घाला, कारण त्यांचे सुगंध पाण्यापेक्षा तेलात चांगले उतरतात. मसाले तडतडले, वास सुटला की लगेच कांदा, म्हणजे ते जळत नाहीत. कांदा मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं परता. तीन मिनिटांत पांढराच काढलेला कांदा आणि सोनेरी-तपकिरी झालेला कांदा यांच्या चवीत इतकं अंतर आहे की तीच डाळ वेगळी लागते. नव्या माणसाने घाई करू नये अशी जागा ही. कांदा तळाला चिकटू लागला तर चमचाभर पाणी घाला आणि खरवडा. तळाचा तो तपकिरी थर म्हणजेच चव. लसूण कांदा झाल्यावर, अर्धं मिनिट, कारण तो लवकर करपतो आणि कडू होतो.

भाज्या परतताना भांडं खच्चून भरू नका. गर्दी झाली की त्या स्वतःच्याच वाफेत शिजतात, रंग येत नाही.

मीठ दोन वेळा: थोडं शिजताना, उरलेलं चव बघून. दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभरापेक्षा जास्त मीठ नसावं. चव बघितल्यावर 'काहीतरी कमी आहे' असं वाटलं तर दर वेळी मिठाकडे हात नेऊ नका. बहुतेकदा आंबट कमी असतं. अर्ध्या लिंबाचा रस किंवा चमचाभर व्हिनेगर, गॅस बंद केल्यावर. लिंबाचा दुसराही फायदा आहे: त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीरात चांगलं शोषलं जातं. चहा-कॉफी मात्र जेवणासोबत घेतली तर हे शोषण कमी होतं, ती तासाभराने घ्या.

## ७. आठवड्यातून एकदा दोन तास शिजवा

सुटीच्या दिवशी सलग दोन तास काढा. पाच वेगवेगळे पदार्थ करायचे नाहीत, फक्त सुटे भाग तयार करायचे:

1. एक मोठं भांडं कडधान्य, मीठ घालून शिजवलेलं, बाकी काही न घातलेलं
2. तपकिरी परतलेला कांदा, अर्धा किलोचा
3. एक भाजी चिरून ठेवलेली (कोबी, गाजर अशी टिकणारी)
4. चार-पाच उकडलेले बटाटे, तेवढीच उकडलेली अंडी (उकळत्या पाण्यात १० ते १२ मिनिटं)

कडधान्य मुद्दाम सपक ठेवा. एकदा मसाला घातला की चार दिवस तेच खावं लागतं आणि तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. सपक ठेवलं तर आज रस्सा, उद्या बटाट्यासोबत परतून, परवा कांदा-लिंबू घालून थंडच, असं करता येतं.

हे घरात असलं की संध्याकाळची जेवणं अशी होतात:

दाट रस्सा. दोन चमचे परतलेला कांदा, मसाला, टोमॅटो, दोन वाट्या शिजलेलं कडधान्य, एक वाटी पाणी. पळीने थोडे दाणे चिरडा, रस्सा आपोआप दाट होतो. १० मिनिटं.

लाल मसूर डाळीचं सूप. हे सुटे भाग संपले तरी होतं. पाऊण वाटी डाळ धुऊन, चार वाट्या पाणी, एक किसलेलं गाजर, चिरलेला कांदा. २० मिनिटं उकळा, घोटा, वरून तेलात परतलेला लसूण आणि लिंबू. दोघांचं पोट भरतं.

बटाटा-अंडं. उकडलेल्या बटाट्याचे काप तेलात कुरकुरीत करा, कांदा घाला, वर दोन अंडी फोडा, झाकण ठेवा. अंडी घट्ट होईपर्यंत ५ मिनिटं.

परतलेला भात. कालचा थंड भात, चिरलेली भाजी, अंडं किंवा शेंगदाणे. मोठी आच, ५ मिनिटं, भात वाफाळेपर्यंत. ताज्या भातापेक्षा थंड भात यासाठी चांगला, तो मोकळा राहतो.

शिवाय अडचणीच्या दिवसासाठी एका जेवणाचं कोरडं सामान वेगळ्या डब्यात बाजूला काढून ठेवा: मसूर डाळ, तांदूळ, मीठ-मसाल्याची पुडी. त्याला एरवी हात लावायचा नाही. वापरलं की पुढच्या खरेदीत लगेच भरायचं.

## ८. उरलेलं अन्न : इथे कंजुषी नको

आजारपण हा सर्वात मोठा खर्च आहे. ५ ते ६० अंश तापमानात जंतू वेगाने वाढतात, आणि आपल्या खोल्यांचं तापमान बरोबर त्यात येतं. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. मोठं पातेलं तसंच थंड व्हायला ठेवलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. उथळ डब्यांत वाटून थंड करा. फ्रिजमध्ये डाळ-भाजी तीन दिवस ठेवा. म्हणजे सुटीच्या दिवशी शिजवलेल्या कडधान्याचा निम्मा भाग पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये, थोड्या पाण्यासह, एकेका जेवणाच्या डब्यात. तिथे दोन-तीन महिने काही होत नाही. डब्यावर तारीख लिहा, आठवणीवर विसंबू नका.

भाताची खबरदारी वेगळी. तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि तयार होणारं विष परत गरम करून जात नाही. भात तासाभरात पसरून थंड करा, फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा, एकदाच गरम करा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकायचा. वास चांगला असला तरी.

फ्रिज नसेल तर ही साठवण करू नका. तुमच्यासाठी घडी वेगळी: भिजवणं, चिरणं, माप काढून ठेवणं एवढंच आधी करा, शिजवा मात्र एका जेवणापुरतं. मसूर, मूग अशा लवकर शिजणाऱ्या डाळी जास्त वापरा. मोड आलेली कडधान्यंही कच्ची न खाता नीट शिजवून खा, ओलाव्यात आणि उबेत जंतूही वाढतात.

## ९. भाजी नाशवंतपणाच्या क्रमाने खा

खरेदीनंतर पहिले दोन दिवस पालेभाज्या. मग टोमॅटो, वांगी, शेंगा. शेवटी कोबी, गाजर, भोपळा. आवडीच्या क्रमाने खाल्लं तर पालेभाजी नेमकी मागे राहते आणि पिवळी पडते.

बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी, कांद्यांपासून दूर ठेवा. हिरवे पडलेले आणि कडू लागणारे बटाटे खाऊ नका, हिरवा भाग थोडा असेल तर खोलवर कापून काढा. कोथिंबीर-पालकाची कोवळी देठं, फ्लॉवरचा दांडा, मुळ्याचा पाला हे सगळं शिजतं. बारीक चिरून डाळीत घाला. मऊ पडलेलं गाजर, सुरकुतलेला टोमॅटो रश्शात चालतो. बुरशी आलेली मऊ भाजी किंवा शिजवलेलं अन्न मात्र पूर्ण टाका, वरचा थर काढून भागत नाही.

## १०. तरीही पैसे कमी पडले तर काय आधी कमी करायचं

क्रम असा ठेवा: आधी बाटलीबंद पेयं आणि बिस्किटं-चिप्स. मग मांस-मासे, किंवा त्यांचं प्रमाण कमी करून कडधान्याच्या रश्शात चवीपुरते. मग महाग फळं. त्याऐवजी कोबी, टोमॅटो, लिंबू यांतूनही क जीवनसत्त्व मिळतं. डाळ, तेल आणि रोजची एक भाजी यांना शेवटपर्यंत हात लावू नका. फक्त धान्यावर पोट भरतं, पण अंगात ताकद राहत नाही आणि ते लगेच लक्षातही येत नाही.

अंडी, दूध, मांस यांतलं काहीच खात नसाल तर बी-१२ जीवनसत्त्व भाजी-डाळीतून मिळत नाही. त्याची गोळी किंवा ते मिसळलेलं अन्न घ्यावं लागतं. घरात गर्भवती बाई, लहान मूल किंवा मधुमेहासारखा आजार असलेलं कुणी असेल तर वरचा आराखडा तसाच्या तसा लावू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

आणि सगळं कमी करूनही धान्य-डाळीलाच पैसे पुरत नसतील, तर दोष तुमच्या हिशेबात नाही. जिथे राहता तिथे सरकारी स्वस्त धान्य, सामूहिक स्वयंपाकघर, शाळेत मुलांना मिळणारं जेवण असं काय आहे याची चौकशी त्याच आठवड्यात करा. अर्ज मंजूर व्हायला वेळ जातो, तेव्हा डबा पूर्ण रिकामा होईपर्यंत थांबू नका. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा कागद आणि घरातल्या माणसांची यादी, या चारांच्या दोन-दोन प्रती एका पाकिटात तयार ठेवा, बहुतेक ठिकाणी हीच कागदपत्रं विचारतात.